कोणती पेशी कोणता रंग धरते

स्ट्रासबुर्गचे जर्मन विद्यापीठ १८७२ साली नव्याने उघडले, तेव्हा तिथे शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या विल्हेल्म वाल्डेयरच्या नजरेत एक विद्यार्थी भरला. अठरा वर्षांचा हा मुलगा तास संपले तरी सूक्ष्मदर्शकापाशीच बसून राही आणि त्याच्या मेजावर रोज नव्या रंगाचे डाग पडलेले असत. एक दिवस वाल्डेयरने त्याला विचारले की हे काय चालले आहे? मुलगा म्हणाला की करून बघतो आहे. वाल्डेयर म्हणाला, मग बघत राहा. हा प्रसंग त्याने पुढे आपल्या आठवणींत नोंदवून ठेवला. मुलाचे नाव पाउल एर्लिख.

तो जे करून बघत होता ती सामग्री औषधाच्या दुकानातली नव्हती, कापडगिरण्यांची होती. १८५६ साली ईस्टरच्या सुट्टीत लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा असाच एक अठरा वर्षांचा मुलगा हिवतापावरचे क्विनीन घरच्या प्रयोगशाळेत बनवू पाहत होता. क्विनीन काही जमले नाही, पण भांड्याच्या तळाशी जो काळा गाळ उरला त्यातून रेशमावर पक्का बसणारा जांभळा रंग निघाला. डांबरातून रंग काढण्याची विद्या तिथून सुरू झाली आणि वीस वर्षांच्या आत जर्मन कारखान्यांनी किरमिजी, निळ्या, हिरव्या, नारिंगी रंगांचा पाऊस पाडला. गिरणीवाल्यांना फक्त कोणता रंग लोकरीवर टिकतो आणि कोणता सुतावर, एवढेच हवे होते. एर्लिखला त्यापुढचा प्रश्न पडला. रंगाला लोकर आणि सूत यांतला फरक कळतो, तर पेशीपेशींतला फरक का कळू नये?

हा प्रश्न त्याच्यापर्यंत घरातूनच आला असावा. कार्ल वायगर्ट हा त्याच्या आईचा चुलतभाऊ, भाच्याहून जेमतेम नऊ वर्षांनी मोठा. ऊतकांतले जंतू ॲनिलीन रंगांनी दाखवणाऱ्या पहिल्यावहिल्या लोकांत त्याची गणना होते. ऊतके रंगवण्याची रीत त्याआधीही होती. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या एका झाडाच्या लाकडातून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन १८६० च्या दशकात प्रयोगशाळांत आले होते आणि १८७६ मध्ये त्याला इओसिनची जोड मिळाली. केंद्रक निळे, बाकीचे सारे गुलाबी. आजही जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी विभागात बायॉप्सीच्या तुकड्याची पहिली काच याच जोडीने रंगते. तिथली माणसे तिला नुसते ‘एच अँड ई’ म्हणतात. पण या रीतीत रंग हे केवळ उजेडाचे साधन होते. अंधुक दिसणारे ठळक दिसावे, इतकीच त्याच्याकडून अपेक्षा. एर्लिखने रंगाला साक्षीला उभे केले. एखादी गोष्ट विशिष्ट रंगच धरते आणि दुसरा सोडून देते, तर त्या निवडीतून तिची रासायनिक घडण कळते, हे त्याचे म्हणणे. १८७८ साली लाइपझिगला सादर केलेल्या प्रबंधाचा विषयही ऊतकरंजनाची उपपत्ती आणि प्रत्यक्ष रीत हाच होता.

त्याच प्रबंधात प्रतिकारशक्तीच्या पेशींमधली एक पेशी पहिल्यांदा नीट ओळखली गेली. संयोजी ऊतकात, म्हणजे अवयवांना बांधून ठेवणाऱ्या तंतुमय भागात, एर्लिखला काही पेशी दिसल्या. त्यांच्या पोटात खच्चून भरलेले कण अल्कधर्मी रंग अधाशासारखे ओढून घेत होते. नवल त्यापुढे होते. रंग ओतला होता निळा, पण या कणांवर तो तांबूस-जांभळा होऊन उमटला. शेजारच्या सगळ्या पेशी निळ्या, आणि ही एकटी वेगळ्याच छटेची. या खादाड दिसणाऱ्या पेशींना त्याने मास्ट सेल म्हटले, कारण त्या पौष्टिक खुराकावर वाढल्या असाव्यात असे त्याला वाटले. खुराकाचा तर्क टिकला नाही, रंगाची साक्ष टिकली. १९३७ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवले की त्या कणांत हेपॅरिन असते. हेपॅरिन हा सल्फेटयुक्त, तीव्र आम्लधर्मी पदार्थ आहे. त्याच्या लांब साखळीवर रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून दाटीने बसतात आणि त्या दाटीनेच निळ्याचा तांबूस होतो. म्हणजे एर्लिखने १८७८ मध्ये पाहिलेली छटा हे हेपॅरिनचेच रासायनिक निवेदन होते. ते वाचायला एकोणसाठ वर्षे लागली.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात आल्यावर त्याने रक्ताकडे मोर्चा वळवला. रक्ताचा थेंब काचेवर पातळ पसरून तो तांब्याच्या एका पट्टीवर ठेवायचा. पट्टीला एका टोकाशी ज्योत लावलेली असे, म्हणून जितके दूर जावे तितका ताप कमी. कोणत्या अंतरावर किती उष्णता आहे हे ठरवून तो काचा नेमक्या तापमानाला पक्क्या करी. मग त्यावर रंग. इओसिन हा आम्लधर्मी रंग काही पांढऱ्या पेशींच्या भरड कणांनी असा पकडला की ते भडक नारिंगी-लाल दिसू लागले. या इओसिनोफिल. काही पेशींनी अल्कधर्मी रंग धरला, त्या बेसोफिल. उरलेल्या बहुसंख्य पेशींचे बारीक कण दोहोंना दाद देईनात, तेव्हा त्याने आम्लधर्मी आणि अल्कधर्मी रंग एकत्र करून उदासीन मिश्रण बनवले, आणि त्या न्यूट्रोफिल ठरल्या. हे सारे १८७९-८० च्या सुमाराला घडले. आज आपल्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमधून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हातात येतो, त्यात ही तिन्ही नावे टक्केवारीसकट छापलेली असतात. दम्याच्या रुग्णाला डॉक्टर इओसिनोफिल वाढल्याचे सांगतात. ही नावे त्या पेशींच्या कामाची नाहीत. कोणी कोणता रंग घेतला, याची ती नोंद आहे.

रंग धरणे म्हणजे रेणूने रेणूला धरणे, ही कल्पना एर्लिखच्या डोक्यात पक्की बसली आणि पुढे तिनेच त्याला रंगांपलीकडे नेले. १८९७ मध्ये घटसर्पाच्या प्रतिविषाचे मोजमाप ठरवताना त्याने मांडले की पेशींच्या अंगावर बाहूंसारख्या शाखा असतात, विषाचा रेणू त्यांत जाऊन अडकतो; पेशी मग त्या शाखा गरजेपेक्षा जास्त बनवते आणि जादा शाखा रक्तात सोडते. रक्तात सुटलेल्या त्या शाखा म्हणजेच प्रतिपिंड. त्याने काढलेल्या चित्रांतल्या शाखांचे आकार आज थोडे बालिश वाटतात, पण एका जागी एकच बसेल असा नेमका मेळ, हे तत्त्व त्यात आहे.

त्या काळी दुसरा पक्षही होता. इल्या मेचनिकॉफने १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनाला स्टारफिशच्या पारदर्शक डिंभांत किरमिजी रंगाचे कण सोडून भटक्या पेशी ते कण गिळताना पाहिल्या होत्या. रक्षण पेशी करतात, रक्तातले द्रव्य नव्हे, असे त्याचे म्हणणे. ओडेसातला त्याचा विद्यार्थी वाल्देमार हाफकिन १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्याने प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्याने स्वतःला टोचून घेतली, म्हणजे एर्लिखने आपल्या शाखांचा सिद्धान्त मांडला त्याच वर्षी. पेशी की प्रतिपिंड, हा वाद दोन पिढ्या चालला. १९०८ चे नोबेल दोघांत वाटून दिले गेले. त्याने वाद मिटला नाही, पण दोघांचेही मोल ओळखले गेले.

तो वाद मिटवण्यासाठी एकच गोष्ट हवी होती. प्रतिपिंड नेमके कोणत्या पेशीतून निघतात हे ऊतकात, जागच्या जागी, डोळ्यांनी दिसायला हवे होते. आणि तिथे रंगांची वाट अडली.

अडली, पण एक पाऊल टाकून. हॅम्बुर्गचा त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सन उन्ना याने १८९१ मध्ये त्वचेच्या क्षयाच्या कापांत मेथिलीन ब्लूने गडद निळ्या होणाऱ्या पेशींचे वर्णन केले. केंद्रक एका कडेला सरकलेले, त्याभोवती थोडी फिकी जागा, आणि बाकी पेशी रंगाने तुडुंब. या प्लाझ्मा सेल. त्यांचे अचूक रूप पुढे मार्शाल्को या हंगेरियन डॉक्टरने रेखाटले. मग पापेनहाइमने मेथिल ग्रीन आणि पायरोनिन यांची जोडी शोधली. तिने केंद्रक हिरवे-निळे आणि प्लाझ्मा सेलचे अंग लालभडक झाले. हे लाल काय, ते १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्सच्या जाँ ब्राशेने उलगडले: पायरोनिन आरएनएला चिकटते आणि जिथे प्रथिने भराभर बनतात तिथे आरएनए भरपूर असते. म्हणजे ही पेशी कसले तरी प्रथिन प्रचंड प्रमाणात बनवते आहे, हे रंगाने सांगून टाकले होते. कोणते प्रथिन, ते रंगाला सांगता येत नव्हते.

लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींनी तर रंगांना पुरते निरुत्तर केले. लसिकाग्रंथीचा काप पाहिला तर मोहरी सांडावी तशा लहान, गोल, गडद पेशी सर्वत्र पसरलेल्या; एकीसारखी दुसरी. कण नाहीत, अंग जवळजवळ नाही, नुसते केंद्रक. हिमॅटॉक्सिलिन लावा, जीम्सा लावा, विल्यम लीशमनचे १९०१ मधले रंजक लावा, उत्तर एकच. यातल्या काही पेशी थायमसमधून निघून संसर्ग झालेल्या पेशींना मारतात आणि काही पुढे प्रतिपिंड बनवतात, हे १९६० च्या दशकात उमगले तेव्हाही सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुळ्याच होत्या. मला या इतिहासातला हाच काळ सर्वांत जास्त शिकवणारा वाटतो. साठ-सत्तर वर्षे उत्तम डोळ्यांची, कसलेली माणसे या पेशींकडे बघत होती. कमी त्यांच्या डोळ्यांत नव्हती. रंग पेशीत काय साठले आहे ते सांगतो. ज्या पेशीत काही साठलेलेच नाही तिच्याविषयी तो काय बोलणार?

इथून पुढची वाट पुन्हा बर्लिनमधून गेली.

१९३९ चा उन्हाळा. अल्बर्ट कून्स हा सत्तावीस वर्षांचा अमेरिकन डॉक्टर सुट्टीसाठी बर्लिनमध्ये होता. हार्वर्डमधून वैद्यकीची पदवी घेऊन त्याला दोनच वर्षे झाली होती. सांधेतापाने हृदयात ज्या बारीक गाठी होतात, त्यांच्याविषयी तो विचार करत होता. स्ट्रेप्टोकॉकस जंतूंना शरीराने दिलेल्या प्रतिसादातून त्या होतात असा समज होता. पण त्या गाठींत जंतूंचे काही अंश खरोखर आहेत का, हे कोणी पाहिलेले नव्हते. त्या शहरातल्या रस्त्यांवरून फिरताना त्याला सुचले की जंतूंचे अंश शोधायला जगात सर्वांत निवडक गोष्ट म्हणजे त्याच जंतूंविरुद्धचा प्रतिपिंड. तो नेमका तिथेच जाऊन बसणार. फक्त बसलेला दिसत नाही. त्याला दिसण्याजोगे केले तर?

कल्पना अगदीच कोरी नव्हती. लंडनमध्ये जॉन मॅरॅकने १९३४ साली टायफॉइड आणि कॉलराच्या जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांना लाल ॲझो रंग जोडून दाखवला होता. रंगलेले प्रतिपिंड जंतूंना चिकटले आणि जंतू तांबडे झाले. पण नळीतल्या जंतूंच्या पुंजक्यावर जो रंग दिसतो तो काही मायक्रॉन जाडीच्या कापात पार विरून जातो. एका प्रतिपिंडावर रंगाचे मोजकेच रेणू बसतात. पांढऱ्या उजेडात त्यांची लाली कुणाला दिसणार? कून्सने ओळखले की इथे रंग कामाचा नाही, प्रकाश हवा. अतिनील किरण पडल्यावर स्वतः चमकणारा पदार्थ काळ्या पार्श्वभूमीवर अगदी थोडा असला तरी दिसतो.

बॉस्टनला परतल्यावर हार्वर्डच्या जंतुशास्त्र विभागात त्याला जागा मिळाली. रसायनशास्त्र ही त्याची बाजू नव्हती, म्हणून तो ह्यू क्रीच आणि नॉर्मन जोन्स या रसायनज्ञांकडे गेला. न्यूमोकॉकसविरुद्धच्या प्रतिपिंडाला त्यांनी अँथ्रासीनचे संयुग जोडले. १९४१ मधला निबंध याचाच होता. प्रतिपिंड चमकला, आपली निवडही विसरला नाही. पण एक अडचण निघाली. ही चमक निळी होती, आणि प्राण्याच्या ऊतकाला अतिनील प्रकाशात स्वतःचीच निळसर चमक असते. निळ्यात निळे शोधायचे कसे?

मग आले फ्लुओरेसीन. त्याची चमक पिवळट-हिरवी, ऊतकाच्या निळ्यापासून लख्ख वेगळी. ते प्रतिपिंडाला जोडायचे तर आधी त्याचे आयसोसायनेट करावे लागे आणि त्यासाठी फॉस्जीन हा वायू हाताळावा लागे. हाच वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. १९४२ साली कून्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की न्यूमोकॉकस दिलेल्या उंदरांच्या ऊतकांत त्या जंतूचा प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंड ज्याला धरतो तो अंश, हिरव्या चमकेने दिसतो. निवड करणारा आता प्रतिपिंड होता आणि रंग फक्त त्याचा ठिकाणा सांगणारा.

फ्लुओरेसीन कून्सने शोधलेले नव्हते. ते १८७१ मध्ये जर्मन रसायनज्ञ आडोल्फ फॉन बायरने बनवले होते. त्याच्या रेणूवर ब्रोमीनचे चार अणू चढवले की इओसिन तयार होते, तोच रंग ज्याने एर्लिखने इओसिनोफिल ओळखल्या. आणि एर्लिखने स्वतः १८८२ मध्ये सशाच्या डोळ्यातल्या पाण्याचा प्रवाह पाहण्यासाठी फ्लुओरेसीन वापरले होते. म्हणजे रंग आणि प्रतिपिंड, दोन्ही त्याच्या हाताशी होते. दोघांचा मेळ घालायला आणखी साठ वर्षे जावी लागली. १९१५ मध्ये तो गेला. कून्सच्या काचा पाहून सर्वांत जास्त आनंद त्यालाच झाला असता, याबद्दल मला शंका वाटत नाही.

युद्धाने काम थांबवले, कून्सला लष्करात जावे लागले. परत आल्यावर १९५० मध्ये मेल्विन कॅप्लनसह त्याने रीत सुधारली. चमकणारे प्रतिपिंड जिकडेतिकडे चिकटून बसत, ही मोठी डोकेदुखी होती. त्यांनी रंगलेले प्रतिपिंड वाळवलेल्या यकृताच्या भुकटीत घुसळले; जे कशालाही चिकटणारे असतील ते भुकटीने खेचून घेतले आणि निवडक तेवढे उरले. प्रत्येक खऱ्या चमकेसोबत खोट्या चमकेचा पडताळाही हवा, हा दंडक या कामातून घट्ट झाला. आधी साधा, न रंगवलेला प्रतिपिंड लावून जागा अडवायच्या, मग रंगवलेला लावायचा. तरीही चमक दिसली तर ती खोटी.

आता जुना वाद सुटण्याच्या अवस्थेत आला. स्टॉकहोममध्ये अस्त्रिद फाग्रेयसने १९४८ मध्ये सशांच्या प्लीहेचे तुकडे काचपात्रात जिवंत ठेवून दाखवले होते की प्लाझ्मा सेलनी भरलेला लाल भाग प्रतिपिंड बनवतो, लिम्फोसाइटचे पांढरे पुंजके तुलनेने फारच थोडे. पुरावा बळकट होता, पण तुकड्याचा होता, एकेका पेशीचा नव्हता. १९५५ मध्ये कून्स, एलिझाबेथ लेडक आणि जीन कॉनोली यांनी एक उलटी युक्ती केली. लस टोचलेल्या सशाच्या लसिकाग्रंथीच्या कापावर आधी प्रतिजन ओतला. ज्या पेशींच्या पोटात त्याचा प्रतिपिंड होता तिथे तो चिकटला. मग त्यावर चमकणारा प्रतिपिंड. मधला प्रतिजन दोन्ही बाजूंनी धरला गेला आणि पेशी उजळल्या. कडेला सरकलेले केंद्रक, भरगच्च अंग. उन्नाने चौसष्ट वर्षांपूर्वी निळ्या रंगात पाहिलेल्या त्याच पेशी. पायरोनिनने जे प्रथिन सूचित केले होते त्याला आता नाव मिळाले. कून्सला १९५९ चे लास्कर पारितोषिक मिळाले.

चमकेला दोन दोष होते. ती काही काळाने विझते, आणि अंधारात आजूबाजूच्या ऊतकाची रचना दिसत नाही. पॅथॉलॉजिस्टला पेशी कोणती याच्याइतकेच ती कुठे आहे हे महत्त्वाचे असते. १९६६ च्या सुमारास मिशिगनमध्ये पॉल नाकाने आणि बॅरी पिअर्स यांनी रंगाऐवजी एक विकर प्रतिपिंडाला जोडले, हॉर्सरॅडिश या मुळीतले पेरॉक्सिडेज. विकराचा एक रेणू रंगाचे असंख्य रेणू तयार करतो. कापावर डायअमिनोबेन्झिडीन टाकले की जिथे प्रतिपिंड बसला असेल तिथे तपकिरी रंग साचतो, आणि तो कायम राहतो. मागे हिमॅटॉक्सिलिनची फिकी निळी छटा द्यायची. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली, साध्या उजेडात, निळ्या शेजाऱ्यांत एक तपकिरी पेशी. आज आयएचसी म्हणून जी तपासणी रुग्णाच्या फाइलीत लागते तिचे रूप मुख्यतः हेच.

१९७४ साली ऑक्सफर्डच्या क्लाइव्ह टेलर आणि जॉन बर्न्स यांनी ही रीत फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या नेहमीच्या तुकड्यांवर चालवून दाखवली, तेही प्लाझ्मा सेलवरच. त्याआधी गोठवलेले ताजे ऊतक लागे. फॉर्मेलिन आणि मेण ही दुनियाभरच्या रुग्णालयांची रोजची पद्धत. कपाटांत ठेवलेले लाखो मेणाचे ब्लॉक त्या दिवसापासून प्रश्नांना उत्तरे देऊ लागले.

तरी लिम्फोसाइटचे कोडे उरलेच होते. प्राण्याला टोचून मिळवलेला प्रतिपिंड हा एक नसतो, तो अनेक प्रतिपिंडांचा मेळा असतो. दोन जुळ्या पेशींत भेद करण्याइतका तो बारीक नसतो. ७ ऑगस्ट १९७५ च्या ‘नेचर’मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांचा निबंध आला. प्लीहेतली एक प्रतिपिंड बनवणारी पेशी त्यांनी उंदराच्या मायलोमा पेशीशी एकजीव केली. मायलोमा हा प्लाझ्मा सेलचाच कर्करोग. जोडपेशी एका बाजूने एकच प्रतिपिंड बनवते, दुसऱ्या बाजूने मरायचे विसरते. एक प्रतिपिंड, हवा तितका, कायमचा. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही आणि मिलस्टाइनने त्या पेशी मागणाऱ्यांना देऊन टाकल्या. विज्ञानात इतक्या उदारपणे वाटलेली आणि इतकी फळलेली वस्तू दुसरी सापडणे कठीण.

चार वर्षांत थायमसमधून येणाऱ्या लिम्फोसाइटांना, म्हणजे टी पेशींना, ओळखणारे प्रतिपिंड आले, आणि त्यांतल्या मदतनीस आणि मारेकरी अशा दोन जाती वेगळ्या करणारेही. ढीगभर प्रयोगशाळा आपापल्या प्रतिपिंडांना आपापली नावे देऊ लागल्या, तेव्हा १९८२ मध्ये पॅरिसला जमून सगळ्यांनी ‘सीडी’ क्रमांकांची एक पद्धत ठरवली. टी पेशींवर सीडी३, मदतनीसांवर सीडी४, मारेकऱ्यांवर सीडी८. मोहरीच्या दाण्यांना अखेर वेगवेगळे चेहरे मिळाले.

याचा उपयोग ज्या आजारात ठळकपणे दिसला तो आपल्याला फार परिचयाचा आहे. कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण एका रुग्णाला दोन-तीन बधिर चट्टे येऊन जंतू जवळजवळ सापडत नाहीत आणि दुसऱ्याच्या त्वचेत ते कोट्यवधींनी वाढतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पॅथॉलॉजीची परंपरा उभी करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९५० च्या सुमारास या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांची ऊतकरचना बारकाईने अभ्यासली होती. लिम्फोसाइट त्यांना दिसत होते. कोणत्या जातीचे, हे सांगणारे साधन तेव्हा अस्तित्वातच नव्हते. १९८२-८३ मध्ये ते आले तेव्हा अमेरिकेत आणि दिल्लीच्या एम्समध्ये, जिथे डॉ. इंदिरा नाथ आणि त्यांचे सहकारी काम करत होते, कुष्ठरोगाच्या त्वचेचे काप नव्या प्रतिपिंडांनी रंगले. लॉस एंजेलिसच्या गटाने जे चित्र मांडले ते लक्षात राहणारे आहे. जिथे शरीर जंतूंना रोखते त्या चट्ट्यांत मदतनीस टी पेशी गाठीच्या मधोमध आणि सीडी८ पेशी तिच्याभोवती कड्यासारख्या. जिथे शरीर हरते तिथे सीडी८ पेशींचे प्रमाण जास्त, आणि त्या जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमध्ये विखुरलेल्या, कडे नाही. नळीत रक्ताच्या पेशी मोजून हे कधीच कळले नसते. ती मांडणी फक्त कापातच असते.

हे सारे गोठवलेल्या ऊतकावर चालत होते. टी पेशी ओळखणारे बहुतेक प्रतिपिंड फॉर्मेलिनमधल्या ऊतकाला दाद देत नसत, कारण फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकते आणि प्रतिपिंडाची जागा त्या गुंत्यात दडते. शान-रोंग शी याने कॅलिफोर्नियात ग्रंथालयातले १९४० च्या दशकातले निबंध काढले. फॉर्मेलिनने बांधलेली प्रथिने जोरदार तापवली की बंध सुटतात, असे त्यांत होते. प्रथिन उकळले तर ते बिघडते, हे विद्यार्थ्यालाही ठाऊक. पण शीने १९९१ मध्ये काचा पाण्यात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये तापवल्या आणि दडलेले प्रतिजन पुन्हा उघडे झाले. पुढे काही प्रयोगशाळांनी मायक्रोवेव्हऐवजी प्रेशर कुकर घेतला. आपल्याकडच्या अनेक लॅबमध्ये आजही आयएचसीच्या दिवशी आधी कुकर लावतात, त्यात सिट्रेटच्या द्रावणात काचा उकळतात आणि मगच सीडी३सारखे प्रतिपिंड लावतात.

कपाटांतल्या मेणाच्या त्या ब्लॉकांतूनच पॅरिसच्या जेरोम गालाँच्या गटाने २००६ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबद्दल अनपेक्षित गोष्ट दाखवली. गाठ किती खोल गेली आणि कुठवर पसरली यावरून रुग्णाचे पुढे काय होईल हे ठरवायची रीत होती. गाठीच्या मध्यभागी आणि तिच्या पुढे सरकणाऱ्या काठावर टी पेशी किती दाटीने आहेत, हे मोजले तर अंदाज त्याहून चांगला येतो, असे निघाले. या मोजणीचे प्रमाणित रूप मग १३ देशांतल्या १४ केंद्रांत तपासले गेले. २६८१ रुग्णांचा तो अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, त्या केंद्रांत अहमदाबादची गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही होती. प्रत्येक रुग्णाच्या गाठीसाठी लागले ते दोनच रंजक: एका कापावर सीडी३, दुसऱ्यावर सीडी८.